यादीत नसलेला पक्ष : १९५७ ची लोकसभा आणि मराठी मुलूख

मागच्या व्याख्यानात आपण पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीबद्दल बोललो होतो. आज दुसऱ्या निवडणुकीकडे वळू, म्हणजे १९५७ कडे. पण प्रचारसभा, भाषणं, घोषणा यांच्याबद्दल मी आज फार बोलणार नाही. मी बोलणार आहे एका यादीबद्दल. निवडून आलेल्या खासदारांची यादी. राज्य, मतदारसंघ, नाव, पक्ष. चार रकाने, बस्स. दिसायला इतकी कोरडी गोष्ट दुसरी नसेल.

काही वर्षांपूर्वी एका विद्यार्थ्याला मी काम दिलं होतं. १९५७ च्या लोकसभेतले मुंबई राज्याचे खासदार पक्षवार मोजून आण, म्हटलं. पोरगा मेहनती. दोन दिवसांत तक्ता करून घेऊन आला. आणि म्हणाला, "सर, पुस्तकात तर लिहिलंय की संयुक्त महाराष्ट्र समितीनं काँग्रेसला पाणी पाजलं. पण यादीत समितीचा एकही खासदार नाही. शून्य!"

त्याची मोजणी बरोबर होती. आणि पुस्तकात लिहिलेलंही बरोबर होतं. दोन्ही एकाच वेळी खरं कसं असू शकतं, एवढंच आजच्या व्याख्यानात सांगायचं आहे.

आधी आकडे समोर ठेवू. १९५७ मध्ये लोकसभेच्या ४९४ जागांसाठी निवडणूक झाली. काँग्रेसला ३७१ मिळाल्या. मतं मात्र ४८ टक्क्यांच्या आतच. म्हणजे देशात निम्म्याहून अधिक मतदारांनी काँग्रेसला मत दिलं नाही, तरी चारातल्या तीन जागा काँग्रेसकडे. विरोधी मतं वाटली गेली की असं होतं, हे आपण १९५२ च्या वेळीही पाहिलं. तेव्हा ४५ टक्के मतांवर ४८९ पैकी ३६४ जागा मिळाल्या होत्या.

आता मुंबई राज्य. इथे ६६ जागा. त्यातल्या काँग्रेसच्या ३८, इतरांच्या २८. हा आकडा नुसता वाचला तर काय वाटेल? काँग्रेस थोडी घसरली, पण जिंकली. यादी इथेच मिटवली तर आपण घरी जाऊ शकतो. पण हे "मुंबई राज्य" म्हणजे नेमकं काय होतं, हे विचारल्याशिवाय ६६ या आकड्याला काही अर्थ नाही.

हे राज्य निवडणुकीच्या वेळी जेमतेम चार महिन्यांचं होतं. १ नोव्हेंबर १९५६ ला ते अस्तित्वात आलं. जुन्या मुंबई इलाख्यातला मराठी आणि गुजराती भाग, त्यात सौराष्ट्र, कच्छ, हैदराबाद संस्थानातून आलेला मराठवाडा आणि मध्य प्रदेशातून आलेला विदर्भ. सगळं एकत्र बांधून एक मोठं द्विभाषिक. बेळगाव, कारवारकडचा भाग म्हैसूर राज्यात गेला, त्यामुळे तिथले खासदार या ६६ मध्ये नाहीतच. लोकांनी मागितलं होतं एक, मिळालं भलतंच. मराठी लोकांना मुंबईसह महाराष्ट्र हवा होता, गुजराती लोकांना महागुजरात. दोघांनाही नको असलेलं घर दोघांना मिळून दिलं गेलं.

त्याआधीचं वर्ष कसं गेलं, तुम्हाला ठाऊक आहे. गोळीबारात शंभराहून अधिक माणसं गेली. चिंतामणराव देशमुख केंद्रात अर्थमंत्री होते, त्यांनी राजीनामा दिला. फेब्रुवारी १९५६ मध्ये पुण्यात संयुक्त महाराष्ट्र समिती स्थापन झाली. आणि ही समिती म्हणजे एक पक्ष नव्हता. ती आघाडी होती. प्रजा समाजवादी पक्ष, कम्युनिस्ट, शेतकरी कामगार पक्ष, शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशन, जनसंघ, शिवाय काही अपक्ष. एरवी एका ताटात न जेवणारी ही मंडळी! कम्युनिस्ट आणि जनसंघ एकाच मांडवात, ही कल्पनाच आज विचित्र वाटेल.

निवडणुकीच्या नोंदीत मात्र आघाडीला रकाना नाही. उमेदवार ज्या पक्षाचा, त्या पक्षाचं नाव. त्यामुळे समितीचे खासदार यादीत विखुरले गेले. कुणी "प्र.स.प.", कुणी "कम्युनिस्ट", कुणी "शेकाप", कुणी "जनसंघ", कुणी "अपक्ष". आता कळलं, माझ्या विद्यार्थ्याला शून्य का मिळालं? तो पक्षाच्या रकान्यात शोधत होता. समिती त्या रकान्यात नव्हतीच. तिला शोधायचं तर जागेच्या रकान्यात शोधावं लागतं. चला, शोधू या. डोळ्यांसमोर नकाशा आणा.

कोकणापासून सुरुवात करू. कुलाबा, म्हणजे आजचा रायगड. १९५२ ला इथून चिंतामणराव देशमुख काँग्रेसतर्फे निवडून गेले होते. १९५७ ला राजाभाऊ राऊत, शेकाप. खाली रत्नागिरी : प्रेमजीभाई आसर, जनसंघ. आणखी खाली राजापूर : नाथ पै, प्रजा समाजवादी. एकाच किनाऱ्यावर तीन शेजारी मतदारसंघ आणि तीन वेगळे पक्ष. पक्षाच्या रकान्यात बघाल तर म्हणाल, कोकणी मतदाराचं काही खरं नाही, दर पन्नास मैलांवर विचारसरणी बदलते. पण तसं नव्हतं. मतदारानं तिन्ही ठिकाणी एकाच गोष्टीला मत दिलं होतं.

वर ठाण्याला या. श्यामराव परुळेकर आणि लक्ष्मण महादू मातेरा, दोघेही कम्युनिस्ट. घाट चढून साताऱ्यात या : क्रांतिसिंह नाना पाटील, कम्युनिस्ट. पत्री सरकारवाले नाना पाटील. मिरजेत बाळासाहेब पाटील, शेकाप. कोल्हापुरात भाऊसाहेब महागावकर, शेकाप, आणि त्यांच्याबरोबर शं. का. दिघे, फेडरेशन. पुण्यात नानासाहेब गोरे, प्रजा समाजवादी. उत्तरेला मालेगावात यादव नारायण जाधव, प्रजा समाजवादी. पश्चिम खानदेशात उत्तमराव पाटील, जनसंघ. पूर्व खानदेशात नौशेर भरुचा, अपक्ष.

भरुचा म्हणजे मुंबईचे पारशी वकील. पूर्व खानदेशातल्या शेतकऱ्यांनी त्यांना दिल्लीला पाठवलं, ते समितीचे म्हणून. संयुक्त महाराष्ट्राची चळवळ म्हणजे मराठी माणूस विरुद्ध बाकी सगळे, असं सरसकट सांगणाऱ्यांनी ही एक ओळ तरी वाचावी.

अर्थात सगळीकडे समिती जिंकली असं नाही. यशवंतराव चव्हाण मुख्यमंत्री होते, त्यांच्या कराडची लोकसभेची जागा काँग्रेसनं राखली, दाजीसाहेब चव्हाण निवडून आले. पण पश्चिम महाराष्ट्रात असे अपवाद बोटावर मोजण्याइतके.

पुण्याच्या निकालापाशी जरा थांबू. गोरे यांनी हरवलं कुणाला? काकासाहेब गाडगीळांना. आता काकासाहेब काही संयुक्त महाराष्ट्राच्या विरोधात नव्हते. उलट लोकसभेत मुंबईसह महाराष्ट्राची बाजू त्यांनी ठणकावून मांडली होती. पण तिकीट काँग्रेसचं. मतदारानं भाषण पाहिलं नाही, तिकीट पाहिलं. त्या वर्षी माणूस काय बोलला यापेक्षा तो कोणत्या बाजूला उभा आहे हे महत्त्वाचं ठरलं. हे न्याय्य होतं का? मला विचाराल तर गाडगीळांच्या बाबतीत नव्हतं. पण चळवळ अशीच मोजते.

आता मुंबई शहर. सगळा वाद ज्या शहरावरून, तिथे काय झालं? शहरात तीन मतदारसंघ आणि चार खासदार. दक्षिण मुंबईत स. का. पाटील, काँग्रेस. मुंबई महाराष्ट्रात जायला यांचा ठाम विरोध. उत्तर मुंबईत व्ही. के. कृष्ण मेनन, काँग्रेस. जानेवारीत संयुक्त राष्ट्रांत काश्मीरवर मॅरेथॉन भाषण करून ते नुकतेच आले होते. त्यांनी पीटर अल्वारिस यांना हरवलं. आणि मधे, गिरणगावाच्या भागात, मध्य मुंबईत कॉम्रेड डांगे, कम्युनिस्ट, आणि गोपाळ काळूजी माने, फेडरेशन. म्हणजे शहर उभं चिरलेलं. दोन टोकं काँग्रेसकडे, मधला गिरण्यांचा पट्टा समितीकडे. "मुंबई कुणाची?" या प्रश्नाचं मुंबईनंच दिलेलं उत्तर असं दुभंगलेलं होतं. आपल्या आठवणीत ते एकमुखी झालंय, पण यादी तसं म्हणत नाही.

जाता जाता एक गोष्ट सांगतो. हेच पीटर अल्वारिस मुंबईत हरले, आणि गोवा मुक्त झाल्यावर १९६३ मध्ये गोव्यातून महाराष्ट्रवादी गोमंतक पक्षातर्फे लोकसभेत गेले. माणूस तोच, राज्य वेगळं, पक्ष वेगळा.

तुमच्यातले काहीजण म्हणतील, एका मतदारसंघात दोन खासदार ही काय भानगड? ठाणे, कोल्हापूर, मध्य मुंबई, तिन्हीकडे दोन-दोन नावं आली. हे नीट समजून घ्या, कारण आज ही पद्धत कुणाला आठवत नाही.

१९५७ मध्ये देशात ४०३ मतदारसंघ होते आणि खासदार ४९४. हिशेब असा : ३१२ मतदारसंघ एकेका खासदाराचे आणि ९१ मतदारसंघ दोन-दोन खासदारांचे. या दुहेरी मतदारसंघात एक जागा अनुसूचित जातींसाठी किंवा जमातींसाठी राखीव आणि एक सर्वसाधारण. प्रत्येक मतदाराला दोन मतपत्रिका. तेव्हा मतपत्रिकेवर शिक्का मारायचा नसे. प्रत्येक उमेदवाराची वेगळी पेटी, पेटीवर चिन्ह, मतदारानं आत जाऊन आपली मतपत्रिका हव्या त्या पेटीत टाकायची. दोन मतपत्रिका दोन वेगळ्या पेट्यांत टाकायच्या. दोन्ही एकाच उमेदवाराला देता येत नसत.

मोजणीत आधी राखीव जागा भरायची : राखीव गटातला ज्याला सर्वाधिक मतं, तो निवडून आला. मग उरलेल्या सर्व उमेदवारांत ज्याला जास्त, तो दुसरा. त्यातून गंमत अशी व्हायची की दोन्ही जागा राखीव गटातल्या उमेदवारांकडे जाऊ शकत. आंध्रात पार्वतीपुरम इथे तसंच झालं. व्ही. व्ही. गिरी, पुढे राष्ट्रपती झाले ते, ५६५ मतांनी मागे पडले आणि सर्वसाधारण जागा दिप्पल सूरी डोरा या आदिवासी उमेदवाराला मिळाली. गिरी सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. न्यायालयानं निकाल कायम ठेवला. त्यानंतर लवकरच, १९६१ मध्ये, कायदा करून दुहेरी मतदारसंघ बंद झाले. का बंद झाले, याची कारणं सरकारनं बरीच दिली : मतदारसंघ फार मोठे, खर्च फार. पण वेळ पाहा.

हे सगळं सांगण्याचं कारण आपल्या नाशिकपाशी आहे.

आधी १९५२ आठवा. डॉ. बाबासाहेब आंबेडकर उत्तर मुंबईच्या दुहेरी मतदारसंघातून उभे राहिले. घटनेचे शिल्पकार. आणि हरले. काँग्रेसचे नारायणराव काजरोळकर सुमारे १४ हजार मतांनी निवडून आले. १९५४ मध्ये भंडाऱ्याच्या पोटनिवडणुकीतही बाबासाहेबांचा पराभव झाला. थेट निवडणुकीतून ते लोकसभेत कधीच पोचले नाहीत. ६ डिसेंबर १९५६ ला त्यांचं महापरिनिर्वाण झालं. तीन महिन्यांत निवडणूक.

आणि आता १९५७ च्या यादीतली ओळ वाचतो : "नाशिक – भाऊराव कृष्णराव गायकवाड – शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशन." हे आपले दादासाहेब गायकवाड. नाशिक हा दुहेरी मतदारसंघ नव्हता. एक खासदार, सर्वसाधारण जागा. त्याच्या शेजारी कोपरगाव : बी. सी. कांबळे. तीही सर्वसाधारण जागा.

थोडं थांबा आणि विचार करा. २ मार्च १९३० ला याच नाशिकात काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला. पाच वर्षं चालला, दार उघडलं नाही. त्या सत्याग्रहाचा जमिनीवरचा बिनीचा कार्यकर्ता कोण? दादासाहेब गायकवाड. ज्या शहरानं देवळाच्या पायरीवर अडवलं, त्या शहरानं आणि भोवतीच्या खेड्यांनी सत्तावीस वर्षांनी त्यांना दिल्लीला आपला प्रतिनिधी म्हणून पाठवलं. राखीव जागा नाही, कुणाची मेहेरबानी नाही. मराठा, माळी, ब्राह्मण, सगळ्यांच्या मतांवर.

नाशिकचं मन बदललं होतं का? अंशतः असेल. पण मला वाटतं खरं कारण समितीचं होतं. शेतकरी मतदारानं समितीचा उमेदवार म्हणून मत दिलं. दलित वस्तीतल्या माणसानं समितीच्या शेकाप किंवा समाजवादी उमेदवाराला दुसरीकडे दिलं, तसं गावातल्या माणसानं फेडरेशनच्या माणसाला इथे दिलं. मतांची अशी देवाणघेवाण आपल्या राजकारणात त्याआधी एवढ्या प्रमाणात झाली नव्हती आणि नंतरही फार वेळा झालेली नाही. यादीत ती फक्त एका ओळीत दिसते, आणि तीसुद्धा नाशिक म्हणजे काय आणि गायकवाड म्हणजे कोण हे माहीत असेल तरच.

आता नकाशाच्या पूर्वेकडे वळू, कारण अर्ध्या नकाशावर थांबलो तर अर्धसत्य सांगितल्यासारखं होईल. नागपूर : अनसूयाबाई काळे, काँग्रेस. वर्धा : कमलनयन बजाज, काँग्रेस. अमरावती : पंजाबराव देशमुख, काँग्रेस. औरंगाबाद : स्वामी रामानंद तीर्थ, काँग्रेस. विदर्भात आणि मराठवाड्यात काँग्रेसनं मैदान मारलं. म्हणजे "मराठी माणसानं १९५७ मध्ये काँग्रेसला नाकारलं" हे वाक्य मुंबई–पुणे–कोल्हापूरचं आहे. नागपूरचं नाही. विदर्भाचा प्रश्नच वेगळा होता. राज्य पुनर्रचना आयोगानं स्वतंत्र विदर्भाची शिफारस केली होती आणि तिथल्या पुष्कळांना तेच हवं होतं. मराठवाड्यात काँग्रेस म्हणजे निजामाविरुद्ध लढलेली माणसं. स्वामीजींच्या नावापुढे "काँग्रेस" लिहिलंय म्हणून ते भाषिक राज्याच्या विरोधात होते असं नाही. हैदराबाद राज्याचं भाषेप्रमाणे विभाजन व्हावं, हा त्यांचा आग्रह जुना होता.

आणि गुजरातकडे? अहमदाबादेत इंदुलाल याज्ञिक. पक्ष : अपक्ष. त्यांची महागुजरात जनता परिषदही आपल्या समितीसारखीच रकान्यातून गायब. एकाच राज्यात दोन चळवळी, दोन्ही लाखो मतं घेणाऱ्या, आणि दोघींचंही नाव यादीत नाही.

याचा परिणाम काय झाला, ते थोडक्यात. विधानसभेत ३९६ पैकी २३४ जागा घेऊन काँग्रेसनं सरकार टिकवलं, पण ते सौराष्ट्र, विदर्भ, मराठवाड्याच्या बळावर. ज्या भागाच्या नावानं राज्य ओळखलं जायचं, तिथेच पाय घसरलेला. दिल्लीला कळायला तीन वर्षं लागली, पण कळलं. १ मे १९६० ला दोन राज्यं झाली. ६६ जागांची वाटणी : महाराष्ट्र ४४, गुजरात २२.

वेळ होत आला. एक-दोन प्रश्न घेतो.

*श्रोत्यांतून प्रश्न : मग १९६२ ला समितीचं काय झालं?*

छान प्रश्न. १९६२ ला महाराष्ट्रातल्या ४४ पैकी ४१ जागा काँग्रेसच्या. विरोधकांत पक्षाचा म्हणावा असा एकच, राजापूरचे नाथ पै. राज्य मिळालं, मागणी संपली, आणि मागणीनं बांधलेली माणसं आपापल्या घरी गेली. चीनवरून कम्युनिस्ट आणि समाजवादी यांच्यात बिनसलं, तेही होतंच. आणि बरीच माणसं यशवंतरावांच्या काँग्रेसमध्ये आली. शंकरराव मोरे बघा. शेकापच्या संस्थापकांपैकी. १९५२ ला सोलापुरातून शेकापचे खासदार, १९६२ ला पुण्यातून काँग्रेसचे.

पण उरलेले दोन कोण होते, हे पाहा. दोन्ही अपक्ष. नागपूरहून लोकनायक बापूजी अणे, चांद्याहून लाल श्याम शाह. दोन्ही जागा विदर्भातल्या. अणे उभे राहिले होते ते वेगळ्या विदर्भाच्या मागणीवर. लाल श्याम शाह आदिवासींचे नेते, पुढे त्यांनी मुदत संपायच्या आतच राजीनामा दिला. म्हणजे १९५७ ला जो रकाना पश्चिम महाराष्ट्राचं गाऱ्हाणं झाकत होता, तोच "अपक्ष" रकाना १९६२ ला पूर्वेकडचं गाऱ्हाणं झाकत होता. ४१ चा आकडा पाहून आपण म्हटलं, महाराष्ट्र समाधानी आहे. नकाशाच्या एका टोकाला दोन माणसं वेगळं काही सांगत होती, ती आपल्याला मोजण्यात सापडली नाहीत.

*प्रश्न : यादी वाचायची तर सुरुवात कुठून करावी?*

आपल्या जिल्ह्यापासून. पहिल्या पाच निवडणुकांचे खासदार एका कागदावर एकाखाली एक लिहा. नाव, मतदारसंघ, पक्ष. मग दोन प्रश्न विचारा. ही राज्याची आणि मतदारसंघाची सीमा कोणत्या तारखेची आहे? आणि त्या वर्षी लोकांच्या डोक्यात प्रश्न कोणता होता? नाना पाटील १९५७ ला साताऱ्याचे खासदार आणि १९६७ ला बीडचे, पक्ष दोन्ही वेळी कम्युनिस्टच. साताऱ्याचा माणूस बीडला कसा निवडून येतो? एवढा एक प्रश्न धरून बसलात तरी महिनाभराचं वाचन होईल.

आणि घरात कुणी ऐंशी-नव्वदीची वडीलधारी माणसं असतील, तर त्यांना विचारा, ५७ साली तुमच्या घरानं मत कुणाला दिलं होतं. बहुतेक जण पक्षाचं नाव सांगणार नाहीत. "समितीला," म्हणतील. यादीत नसलेलं ते नाव अजून त्यांच्या तोंडात आहे. ते आहेत तोवर लिहून घ्या.

इथे थांबतो.